मोडायचं तर पुरतं मोडा

मधे बोलायचं नाही. आधी ऐकून घ्यायचं, मग तोंड उघडायचं. शाळेत हा नियम होता, आजही आहे.

तुमच्यातल्या निम्म्यांना मी वहीच्या समासावरून ओरडलेली आहे. आता कुणी वीज बोर्डात लागलात, कुणी कंत्राटात राबता, कुणी सामनगावला घर बांधलंत, कुणी नाशिकरोडला फ्लॅट घेतलात. काहींचे संसार मोडले. मोडले याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. दोघांचं जमत नसेल तर वेगळं व्हायची सोय कायद्यात आहे आणि ती वापरण्यात लाज कसली? माझा राग आहे तो तुम्ही संसारही अर्धवट मोडलात याचा. दोन पायऱ्या लिहायच्या आणि उत्तराच्या जागी रेघ मारून मोकळं व्हायचं, ही तुमची सवय गणितात खपून गेली, कारण तिथे फार तर तीन गुण जायचे. इथे काय काय जातं ते आज सांगते.

तो स्टॅम्प पेपर आधी बाहेर काढ. हो, तूच. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलायस तो. दोन मामा, एक माजी सरपंच, जातीतले चार वडीलधारे, चहा-पोहे आणि "आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत" असा मजकूर. खाली सह्या, अंगठे, नोटरीचा गोल शिक्का. झाला घटस्फोट! अरे, स्टॅम्प पेपर छापणारी सिक्युरिटी प्रेस आपल्या शेजारी नाशिकरोडला आहे, म्हणून न्यायनिवाडा करायचा अधिकार तुम्हाला मिळाला की काय? तेलगीने खोटे स्टॅम्प विकले. तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. कागद खरा आणायचा आणि त्यावर मजकूर खोटा लिहायचा.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. तो हिंदूंना लागू आहे, तसा बौद्ध, जैन, शीख यांनाही. त्यात लग्न मोडायचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. पंचांना नाही, मामाला नाही, नोटरीला तर नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याने नोटरींना लेखी कळवलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करून देणं हे तुमचं काम नव्हे. एक अपवाद आहे, तोही सांगून टाकते, नाहीतर मागच्या बाकावरचा हात वर होईल. कलम २९ म्हणतं, एखाद्या समाजात रूढीने काडीमोड चालत आली असेल तर ती चालेल. पण ती रूढी जुनी आहे, अखंड आहे, हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. "आमच्यात चालतं" एवढं म्हणून भागत नाही. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, तेव्हा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्यांनी आपलं वेगळं विचारून घ्यावं. मुसलमान, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून लग्न केलेले यांचे कायदे निराळे. बाकीच्यांनी मान खाली घाला.

आणि जातपंचायतीचं नाव माझ्यासमोर काढू नका. याच नाशिकमधून २०१३ साली अंनिसच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतीला मूठमाती द्यायची मोहीम सुरू केली. त्यातून पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, २०१७ पासून तो लागूही आहे. आणि तुम्ही अजून पंचांना दंड भरून काडीमोड विकत घेता! पावती मागितलीत का कधी?

पुढचं ऐका. कागद कपाटात टाकलास आणि दुसरं लग्न केलंस. कायद्याच्या लेखी पहिलीच तुझी बायको. दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. पहिलीने तक्रार केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद. ते एक वेळ बाजूला ठेव. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर ईपीएसची विधवा पेन्शन कुणाला? पहिलीला. तुझ्या नावच्या घरात वारस कोण? पहिली, तुझी मुलं आणि तुझी आई. जिने दहा वर्षं तुझा डबा भरला, रात्रपाळीहून आलास की दार उघडलं, तिला कायदा तुझी विधवा मानत नाही. तिच्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरस मानलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालाने आई-बापाच्या मिळकतीतला त्यांचा हक्कही पक्का झाला आहे. त्यांच्या आईच्या हाती काय? लग्नाचा अल्बम. बोर्डाच्या नाहीतर पीएफच्या ऑफिसात दोन बायका एकाच माणसाचे लग्नातले फोटो घेऊन खिडकीशी उभ्या राहतात, तेव्हा त्या दोघी एकमेकींना शिव्या देतात. ज्याने हे करून ठेवलं तो भिंतीवर हार घालून बसलेला असतो.

आणि पहिली? तिने त्या कागदावर सही का केली, विचारलंत? भावाने सांगितलं म्हणून. आता ती चाडेगावच्या माहेरी वहिनीच्या हाताखाली भांडी घासते. तिला दुसरं लग्न करता येत नाही, पोटगी मागायची अक्कल कुणी दिली नाही. शेजारच्या संगमनेरात निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी १९८० च्या दशकातच अशा टाकलेल्या बायकांचे मेळावे घेतले, त्यांचे हक्क रस्त्यावर येऊन मागितले. त्यालाही आता चाळीसेक वर्षं होत आली. संगमनेर इथून किती लांब आहे? बसने दोन तास. तुमच्यापर्यंत बातमी अजून पोहोचायची आहे.

दुसरी तऱ्हा त्या नोटिशीची. बायकोने पोटगीचा अर्ज टाकला रे टाकला की नवऱ्याची नोटीस सुटते, "नांदायला ये". मनात नांदवायचं तसूभर नसतं. फक्त "मी बोलावतोय, तीच येत नाही" असं दाखवून पैसे वाचवायचे असतात. इतिहासात काय शिकवलं होतं? रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला की हिने माझ्याकडे नांदायला यावं. १८८७ मध्ये निकाल झाला, नांदा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवरा गप्प बसला, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तुमची नोटीस हे त्याच दाव्याचं पणतवंड आहे, आणि आता तर तिचा तेवढाही उपयोग नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की नांदायला जाण्याचा हुकूम झाला आणि बायको गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. ती का गेली नाही हे पाहावं लागेल. वकिलाला दिलेली फी मात्र बुडाली.

पोटगीबद्दल तुम्ही मला नेहमी एकच प्रश्न विचारता. "बाई, पगाराच्या किती टक्के?" कायद्यात टक्केवारी कुठेच लिहिलेली नाही. दोघांची कमाई, दोघांच्या गरजा, मुलं कुणाकडे, म्हातारे आई-बाप कुणावर, राहणीमान कसं होतं, हे पाहून न्यायाधीश ठरवतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. त्या बाईंना २०१३ पासूनची महिना पंधरा हजार पोटगी मंजूर झालेली होती, पण ती मिळवायला दिल्ली गाठावी लागली. त्या निकालाने देशभर नियम घालून दिला. दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, कर्ज, खर्च शपथेवर लिहून द्यायचा आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची. म्हणजे तारखा पाडून तुम्ही पैसे वाचवत नाही, थकबाकी वाढवता.

तू मघाशी काय पुटपुटलास? "राजीनामा देईन, पण दमडी देणार नाही." दे बघू! धडधाकट माणसाने कमाई नसल्याचं सोंग करायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालय कितीदा तरी म्हणालेलं आहे. तू कमवत नसलास तरी कमवू शकतोस हे धरून रक्कम ठरते. बोर्डातल्या माणसाचं पगारपत्रक तर न्यायालय थेट कंपनीकडूनच मागवतं, आणि पगारातून परस्पर कापायचा हुकूमही देतं. थकवलीस तर तुरुंग आहे, आणि तुरुंगात जाऊन आलास तरी थकबाकी तशीच उभी राहते. कंत्राटावर रोखीने पगार घेणाऱ्यांना वाटतं आपलं सापडणार नाही. मोटरसायकलचा हप्ता कुठून जातो, मोबाइलवरून रोज किती पैसे पाठवता, हे सगळं आता कागदावर आहे.

आणि तू हसू नकोस गं. शिवणवर्गाची कमाई शपथपत्रात का लिहिली नाहीस? कमावती बायको आहे एवढ्यावरून पोटगी नाकारली जात नाही, हे कुणी सांगितलं नाही तुला? खरं लिहिलं असतंस तरी मिळाली असती. खोटं लिहिलंस, आता उलटतपासात तेच पुढे येईल आणि तुझ्या खऱ्या माराच्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सासरच्या झाडून सगळ्यांची नावं फिर्यादीत घालायचा सल्ला देणारे असतात, अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूसकट. त्यांना विचार, फिर्याद टिकली नाही तर तुम्ही येणार का कोर्टात उभं राहायला?

आता मिळकत. इथे तर तुम्ही मोबाइलवर जे वाचता ते सगळं खरं मानता. "घटस्फोट झाला की निम्मं मिळतं." कुठे? गोव्यात. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी निम्मी. महाराष्ट्रात असा कायदा नाही. २०१३ साली राज्यसभेने बायकोला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारं एक विधेयक मंजूर केलं होतं, लोकसभेत ते झालं नाही आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबर गळून पडलं. मला विचाराल तर ते व्हायला हवं होतं. पण झालं नाही, आणि न झालेल्या कायद्यावर भिस्त ठेवून कुणी तडजोडीला बसू नये. आपल्याकडे बायकोला मिळते ती पोटगी, महिन्याची किंवा एकरकमी. एकरकमी रक्कम ठरवताना नवऱ्याची मिळकत बघतात, तिची वाटणी करत नाहीत.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर ज्याने जितके पैसे घातले ते दाखवायला लागतं. तुझ्या पगारातून हप्ते गेले असतील तर खात्याचे उतारे आजच काढून ठेव. नवरा-बायकोमधला मिळकतीचा वाद कौटुंबिक न्यायालयातच चालतो, त्यासाठी दुसरीकडे दावा लावायची गरज नाही. बँकेला मात्र तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नाही. कर्जावर दोघांची सही असेल तर हप्ता थकल्यावर ती दोघांच्याही दारात येईल.

कॉलनीतल्या क्वार्टरवर भांडणारे तर मला बघवत नाहीत. अरे, ते घर तुमच्या दोघांपैकी कुणाचंच नाही. कंपनीचं आहे. निवृत्त झालात की कुलूप लावून किल्ली द्यायची. त्यात मालकीचा वाटा कसला मागता? बायकोला डोक्यावर छप्पर मागायचा हक्क मात्र आहे. तिच्यावर अत्याचार झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरातून हुसकावता येत नाही, आणि न्यायालय तिच्यासाठी दुसऱ्या घराचा किंवा भाड्याचा हुकूम देऊ शकतं. मालकी आणि निवारा, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. अर्जात नीट लिहा.

गावातल्यांनो, तुमची जमीन. गोदावरीकाठची बागायती, द्राक्षाची, आणि आता नाशिक इतकं पसरलंय की गुंठ्याचा भाव ऐकून चक्कर येते. सासऱ्याच्या जमिनीत सुनेचा हिस्सा नाही, घटस्फोटाआधीही नाही आणि नंतरही नाही. त्यामुळे "सातबाऱ्यावर माझं नाव लावा, मग सही करते" हा हट्ट सोड. पण वडिलोपार्जित जमिनीत नातवंडांचा हक्क जन्माने येतो, मुलाचा आणि मुलीचाही. महाराष्ट्राने अविवाहित मुलींसाठी ते १९९४ सालीच केलं, देशाने २००५ मध्ये सगळ्याच मुलींसाठी केलं, २०२० च्या विनीता शर्मा निकालाने उरलासुरला घोळ मिटवला. आई-बाप वेगळे झाले म्हणून तो हक्क तुटत नाही. आजोबा, तुम्ही मागे उभे राहून मान हलवू नका. "पोरगी तिच्या आईबरोबर गेली, विषय संपला" असं म्हणून परस्पर जमीन विकलीत, तर ती अठरा वर्षांची झाल्यावर दावा लावू शकते. आणि लावेल. शिकतेय ती.

सोन्याबद्दल दोनच वाक्यं. माहेरचं, सासरचं, जे बाईला दिलं ते तिचं स्त्रीधन, ते नवऱ्याचं नाही आणि दोघांचंही नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून ते परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, त्यामुळे पतसंस्थेत सोनेतारण करून बोअर मारलीस ती कुणाच्या पैशाने, हे सांगायची तयारी ठेव.

भांडतच राहायचं असेल तर भांडा. पण किती वर्षं भांडायचं ते आधी ठरवा. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा मराठी घरातला खटला प्रत्येक वकील शिकतो. पुण्याच्या न्यायालयात १९६२ साली दाखल झाला, सर्वोच्च न्यायालयात १९७५ साली संपला. तेरा वर्षं. निकाल काय लागला? बायको क्रूरपणे वागली हे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांच्या पीठाने मान्य केलं, पण त्यानंतरही नवऱ्याने संसार चालू ठेवला म्हणजे ते माफ केलं, असंही ठरवलं आणि नवऱ्याची मागणी फेटाळली. वकिलांना त्यातून क्रूरतेची व्याख्या मिळाली. त्या दांपत्याला तीन मुली होत्या, धाकटी तर आई-बाप वेगळे झाल्यावर जन्मलेली. तिचं सगळं लहानपण तारखांत गेलं.

आता मूळ विषयावर येते, ज्यासाठी तुम्हाला बोलावलं.

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी दोन मोटरसायकली उभ्या करायच्या बंद करा. एकीकडे आई आणि मामा, दुसरीकडे बाप आणि काका, आणि मधे सात वर्षांचं पोर दप्तराचा पट्टा दातात धरून उभं. ज्याने आधी उचललं त्याचं! शाळेचा शिपाई काही न्यायाधीश नव्हे. ताब्याचा हुकूम असेल तर त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या. नसेल तर दोघांनीही न्यायालयात जा. पोराला पळवून नेऊन महिनाभर मावशीकडे लपवलं म्हणजे ताबा मिळाला असं समजू नका. ते तुमच्याविरुद्धच वाचलं जातं.

"पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग बापाकडे." हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही. कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं. त्यापुढे आपोआप बापाकडे जातं असं कुठेही लिहिलेलं नाही. १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सर्वात वर. बापाचा वंश नाही, आईचे अश्रू नाहीत, कुणाचा पगार मोठा हेही नाही. मूल कुठे झोपतं, कुणाजवळ अभ्यास करतं, आजारी पडलं की कोण जागतं, शाळा बदलावी लागेल का, हे बघतात. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावून विचारतात, समुपदेशकही बोलतात. आणि ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. म्हणून एकदा जिंकलात की नाचू नका.

तुम्हाला वाटतं पोराला पढवून ठेवलं की झालं. "बाबा मारतात असं सांग." "आई रात्री फोनवर बोलते असं सांग." आयुष्य मी मुलांमध्ये काढलं. पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर, पहिल्या वाक्याला ओळखू येतं. समुपदेशकांनाही येतं. पोर तुमचं वाक्य तुमच्याच शब्दांत म्हणतं आणि म्हणताना दाराकडे बघतं. वर्गात हीच मुलं चित्रकलेच्या तासाला घर काढायला सांगितलं की विचारतात, "बाई, कोणतं?" आणि तुम्ही मला येऊन सांगता, त्याचे गुण का कमी झाले ते बघा.

आणखी एक. पोटगी आली नाही म्हणून पोराला बापाला भेटू द्यायचं नाही, आणि भेटू दिलं नाही म्हणून पोटगी द्यायची नाही. हे दोन हिशेब एकमेकांत घालू नका. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा, भेट नाकारली तर त्याचा अर्ज करा. पोराच्या खर्चाची रक्कम ही पोराची आहे. "मला काही नको, फक्त सोडा मला" म्हणून आईने तिच्यावर पाणी सोडायचं नाही.

शाळेच्या दाखल्यावरूनही तेच. एकजण दाखला अडवून बसतो, दुसऱ्याला वाटतं मुलाचं वर्ष गेलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे शाळांनाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं. न्यायालयात अटी लिहाल तेव्हा भेट "महिन्यातून दोनदा" एवढं लिहून सोडू नका. कोणता रविवार, किती वाजता, कुठे, सोडायला कोण येणार, दिवाळीचे पहिले दोन दिवस कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, फी कोण भरणार, दवाखान्याचा मोठा खर्च आला तर काय. आणि एक गोष्ट वकीलसुद्धा विसरतात, ती माझ्याकडून लिहून घ्या. जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी यासाठी बापाच्या बाजूचे जुने कागद मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, आत्याचं प्रमाणपत्र. बारावीनंतर प्रवेशाच्या तोंडावर आई ते कुणाकडे मागायला जाणार, ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नाही त्याच्याकडे? त्याच्या प्रती आजच द्यायच्या, अशी अट घाला. जन्माचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, सगळ्यांच्या दोन दोन प्रती.

दोघांना पटत असेल तर रस्ता सोपा आहे आणि तो तुम्ही वापरत नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं. परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. एक वर्ष वेगळे राहिलेले असलात की अर्ज करता येतो. मग सहा महिने थांबायचं, पुन्हा जायचं, दोघांनी पुन्हा हो म्हणायचं. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल आणि पोटगी, मुलं, मिळकत सगळं मिटलं असेल तर ते सहा महिनेही माफ होऊ शकतात, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून. शेवटच्या हुकमापर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते, म्हणून पैशांचा शेवटचा हप्ता हुकमाच्या दिवशी ठेवतात. तुमच्या माजी सरपंचाला हे माहीत आहे का?

नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे. तुम्ही माहेरी एकलहऱ्यात असाल आणि नवरा पुण्याला असेल तरी बाईला इथेच अर्ज करता येतो, २००३ पासून. पैसे नाहीत हे कारण मला देऊ नका. बाईला आणि मुलाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, नाहीतर १५१०० ला फोन लावायचा. मारहाण चालू असेल तर यातल्या कशासाठीही थांबू नका, आधी १८१ नाहीतर ११२. जाताना लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, नोंदणीचा दाखला असला तर तो, दोघांचे आधार, मुलांचे जन्मदाखले, वर्षभराचे बँकेचे उतारे घेऊन जा. तो स्टॅम्प पेपरसुद्धा घेऊन जा. वेगळे कधीपासून राहता याचा तेवढा तरी पुरावा होईल.

आणि पोराची शाळा बुडवून त्याला बरोबर नेऊ नका. न्यायाधीशांना त्याच्याशी बोलायचं असेल तेव्हा ते बोलावतील. सोमवारी त्याची चाचणी आहे.